आईसबॉक्समधलं खाणं गार राहावं, पण भिजू नये म्हणून

मे महिन्यात गाडीने कोकणात निघताना आईसबॉक्समध्ये सुटा बर्फ ओतू नका. काही तासांतच तळाशी पाणी साचतं आणि पनीर, कोथिंबीर, चिरलेली फळं सगळं त्यात लडबडतं. झाकण जरा सैल असेल तर श्रीखंडाच्या डब्यातही पाणी शिरतं.

त्यापेक्षा एक लिटरच्या बाटल्यांत पाणी भरून त्या आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवा. काठोकाठ मात्र भरू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बाटली तडकते. बर्फाचा असा मोठा गोळा चुऱ्यापेक्षा कितीतरी सावकाश वितळतो, शिवाय वितळलेलं पाणी प्यायला होतं.

माळ्यावरून काढलेली पेटी तापलेली असते; तशीच भरली तर बराचसा गारवा तिलाच थंड करण्यात जातो. म्हणून आदल्या रात्री तिच्यात एखादी गोठवलेली बाटली ठेवून द्या. पदार्थ फ्रीजमधून थेट पेटीत जाऊ देत, कोमट काहीही नको. गार हवा खाली उतरते, तेव्हा एक-दोन बाटल्या वरही आडव्या ठेवा आणि उरलेल्या फटीत टॉवेल कोंबा. प्यायच्या बाटल्यांची पिशवी वेगळीच बरी, कारण मुलं दर अर्ध्या तासाला झाकण उघडतात.

परतीला सुरमई आणायची असेल तर तिला बर्फाचा चुराच हवा. पण त्यासाठी थर्माकोलचा वेगळा खोका घ्या. कच्ची मासळी आणि खायचे डबे एका पेटीत कधीच ठेवू नका.