दुकानाचा संगणक त्याच दिवशी पुन्हा सुरू झाला

ऐन मार्चअखेरीला आमच्या खताच्या दुकानातला संगणक सुरूच होईना. हार्ड डिस्क आतून टकटक वाजत होती, म्हणजे ती गेलीच.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा रोज पेनड्राइव्हवर घेतो, पण तेवढ्यानं भागत नाही. मागे एकदा विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, बिलांचे फॉरमॅट सगळं नव्यानं बसवण्यात दोन दिवस गेले होते. तेव्हापासून दर महिन्याला क्लोनझिला या सॉफ्टवेअरनं अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी प्रत, वेगळ्या डिस्कवर काढून ठेवतो.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. जुनी डिस्क ५०० जीबीची, तिच्या जागी आणलेली एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) ४८० ची. आत डेटा कितीही कमी असला तरी क्लोनझिलाला एरवी मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच डिस्क लागते. ५१२ जीबीची बदलून आणली, इमेज चढवली, वर आदल्या रात्रीचा टॅलीचा बॅकअप रिस्टोअर केला. संध्याकाळी बिलं निघाली.

गूगल ड्राइव्हवरही प्रत असते, पण नुसत्या सिंकला, म्हणजे फाइल बदलली की वरची प्रतही आपोआप बदलण्याला, मी बॅकअप मानत नाही. इथली फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. इमेज ठेवलेली डिस्क मात्र काम झालं की काढून घरी नेतो. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही सोडत नाही.