डायलेक्ट लिहिताना ऑटो-इन्क्रिमेंट कॉलम कसा बसवायचा

पिंपळगाव बसवंत, दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये वजनकाट्याशेजारच्या कॉम्प्युटरवर मी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बसवतो. सगळा डेटा एका फाइलीत, सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. वरचा प्रोग्रॅम जावा आणि हायबरनेटचा. हायबरनेट म्हणजे जावा आणि डेटाबेसमधला दुवा, आणि प्रत्येक डेटाबेसची बोली त्याला शिकवणारा क्लास म्हणजे डायलेक्ट. प्रत्येक नव्या ओळीला आपोआप पुढचा नंबर देणारा कॉलम तो ऑटो-इन्क्रिमेंट, हायबरनेटच्या भाषेत आयडेंटिटी. हायबरनेट ६ साठी एसक्यूलाइटचा तयार डायलेक्ट कम्युनिटी डायलेक्ट्समध्ये मिळतो, तो वापरा. पण जुनं व्हर्जन गळ्यात असेल किंवा डेटाबेसच अनवट असेल, तर स्वतः लिहायला बसावं लागतं.

हायबरनेट ५ मध्ये डायलेक्टच्या 'गेट आयडेंटिटी कॉलम सपोर्ट' मेथडमधून या कॉलमचे नियम सांगणारा आपला क्लास परत द्यायचा. त्याच्याकडून मुख्यतः दोन उत्तरं हवी असतात: टेबल बनवताना कॉलमपुढे काय लिहायचं आणि पडलेला नंबर परत कसा आणायचा.

पहिल्यातच लोक अडकतात. एसक्यूलाइटमध्ये प्रायमरी की आपोआप वाढते ती टाइप बरोब्बर 'इंटिजर' असेल तरच. तेव्हाच तो कॉलम रोआयडीचं, म्हणजे एसक्यूलाइट आतून प्रत्येक ओळीला देतो त्या नंबराचं, दुसरं नाव बनतो. जावातल्या 'लाँग'साठी हायबरनेट 'बिगइंट नॉट नल' लिहितो, आणि पहिल्याच इन्सर्टला नंबर न पडल्याने 'नॉट नल कन्स्ट्रेंट फेल्ड' ही एरर हातात पडते. म्हणून 'हॅज डेटा टाइप इन आयडेंटिटी कॉलम' ला फॉल्स द्या आणि 'गेट आयडेंटिटी कॉलम स्ट्रिंग' मधून फक्त 'इंटिजर' परत करा. तिथेच 'प्रायमरी की ऑटोइन्क्रिमेंट' जोडायचा मोह होतो, तो आवरा. हायबरनेट शेवटी स्वतःची प्रायमरी की लिहितोच, मग एका टेबलाला दोन झाल्या म्हणून एसक्यूलाइट टेबलच बनवू देत नाही. मायएसक्यूएलला उलट: टाइप राहू द्यायचा, मागे 'नॉट नल ऑटो_इन्क्रिमेंट'.

नंबर परत आणायला 'सिलेक्ट लास्ट_इन्सर्ट_रोआयडी()'. 'सिलेक्ट मॅक्स(आयडी)' कदापि नाही. हंगामात दोन काटे एकदम चालू असतात. एकाच्या क्रेटचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढलं तर बागायतदार आपल्याला सोडणार नाही, आणि का सोडावं? लास्ट_इन्सर्ट_रोआयडी कनेक्शनपुरतं असतं, म्हणून इन्सर्ट आणि हा सिलेक्ट एकाच कनेक्शनवर हवेत. एसक्यूएल सर्व्हरच्या वाटेला गेलात तर 'अ‍ॅट-अ‍ॅट-आयडेंटिटी' टाळा. ट्रिगरने (इन्सर्ट झालं की डेटाबेस आपोआप चालवतो त्या कोडने) दुसऱ्या टेबलात ओळ टाकली की ते त्या टेबलाचा नंबर देतं. 'स्कोप_आयडेंटिटी' देत नाही.

आयडेंटिटी घेतली की हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग, म्हणजे अनेक इन्सर्ट एकत्र पाठवणं, बंद करतो. काट्याला फरक पडत नाही, जुना डेटा एकगठ्ठा भरताना मात्र जाणवतो.

काटापावतीचा नंबर म्हणून हा आयडी छापू नका. एसक्यूलाइटच्या साध्या 'इंटिजर प्रायमरी की'त शेवटची ओळ डिलीट केली की पुढच्या ओळीला तोच नंबर पुन्हा मिळतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनात ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झालं तर नंबर वाया जातो आणि 'मधली पावती कुठाय?' हे ऑडिटला विचारलं जातंच. पावती क्रमांकाला वेगळा कॉलम ठेवा, त्यावर युनिक लावा आणि तो वाढवायचं काम प्रोग्रॅमकडे ठेवा.