घर दुरुस्त करायचं की पत्र्याचं शेड ठोकायचं?

पूर ओसरला की माणसं विचारतात, "आते काय करानं, मिस्तरी?" मी गिरणाकाठचा गवंडी. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, तेव्हापासून हा प्रश्न फार ऐकला. माझं म्हणणं एकच: भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, असतील तर पैसा घरात घाला, शेडवर लागेल तेवढाच. शेड 'दिवाळीपर्यंत' म्हणून उभं राहतं आणि मे महिन्यात, जळगावचा पारा 44-45 वर गेल्यावर, त्यातच लेकरं आणि म्हातारी माणसं भाजून निघतात.

ढिगारा उपसण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि पंचनामा करून घ्या. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला 6,500 रुपये, कच्च्याला 4,000 आणि सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार धरले होते. म्हणून पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका.

आता घर. आपल्याकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. धाब्यावरची माती पाणी पिऊन दुप्पट जड वाटते, म्हणून आत जाण्याआधी सऱ्यांना, म्हणजे छताच्या लाकडांना, टेकू द्या. मग ही छतावरची माती, म्हणजे खारी, थोडी थोडी, दोन्ही अंगांनी सारखी उतरवा. एकाच बाजूचं ओझं काढलं तर भिंत दुसरीकडे कलते. नंतर कोपऱ्याकोपऱ्याला ओळंबा लावा. भिंतीचं पोट बाहेर आलं असेल, कोपरा फाटून दोन भिंती सुट्या झाल्या असतील किंवा पायाखालची माती वाहून पाया उघडा पडला असेल, तर तेवढा भाग उतरवूनच नव्याने बांधावा लागतो. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका. शंका असेल तिथे भेगेवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा मारा आणि त्यावर तारीख लिहा. पट्टा तडकला तर भिंत अजून हलतेय. काळ्या मातीवरच्या घरात भेगा उन्हाळ्यात उघडतात, पावसाळ्यात मिटतात, त्यामुळे पावसात भेग बुजवून मोकळं होऊ नका.

ओल्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा तर मुळीच नको. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. थंडीभर दारं-खिडक्या उघड्या ठेवा, भिंत वाळू द्या.

दगडी भिंत नव्याने बांधताना आरपार जाणारे दगड घालाच. दोन-दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने. आपल्या भिंतीत बाहेरचा आणि आतला असे दोन थर असतात, मध्ये भर. हे थर बांधलेले नसले की हादऱ्याने सुटे होतात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीत अशाच जाड दगड-मातीच्या भिंती माणसांवर आल्या. त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांतली घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत केली गेली.

एका ठिकाणी मात्र मी दुरुस्तीला साफ नाही म्हणतो: घर निळ्या पूररेषेच्या आत असेल तर. ही रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिथे घातलेली वीट पुढच्या पुरात जाणार. जागा बदलून मिळावी म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या, तहसीलला अर्ज द्या आणि पोच घ्या.

मधल्या काळासाठी शेड लागतंच. ते असं करा की साहित्य पुढे घरात जिरेल. लोखंडी अँगल वेल्डिंगने नाही, नट-बोल्टने जोडा. पत्रे नीट जाडीचे घ्या, जे-हुकांनी आवळा, नाहीतर वळिवाच्या वाऱ्यात उडतात. उंची दहा फुटांच्या खाली नको. वर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, थर टाकला तर ऊन बरंच अडतं, पण मग चूल शेडपासून लांब, उघड्यावर. हेच पत्रे पुढे न्हाणीवर किंवा गोठ्यावर चढतात.