लिनक्सवरून म्युझिक प्लेअरमध्ये गाणी भरताना या चुका टाळा

गाणी कॉपी झाल्याचं दिसतं, पण प्लेअरवर निम्मी वाजत नाहीत किंवा शून्य बाइटच्या फाइली दिसतात. अशा वेळी फॉरमॅट करायची घाई करू नका. बहुतेक वेळा केबल लवकर काढलेली असते.

कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी प्लेअरवर सगळं लिहून झालेलं नसतं. लिनक्स डेटा आधी रॅममध्ये घेतो आणि मग उपकरणाच्या वेगाने लिहीत राहतो. प्लेअरची मेमरी संथ असेल तर पट्टी संपल्यावरही बराच डेटा वाट बघत असतो. फाइल मॅनेजरमधलं ‘इजेक्ट’ दाबा आणि केबल काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. टर्मिनलवर काम करत असाल तर ‘सिंक’ आज्ञा द्या, प्रॉम्प्ट परत आल्यावर अनमाउंट करा, म्हणजे प्लेअर संगणकापासून रीतसर सोडवा, मगच केबल काढा.

अर्धवट लिहिण्यामुळे फॅट फाइल सिस्टिम (बहुतेक प्लेअरवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) बिघडली, की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कधीकधी ती फक्त वाचण्यापुरती करून टाकतो. मग लोक परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ आज्ञा चालवत बसतात. त्याचा काही उपयोग नाही, कारण फॅटमध्ये लिनक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत. ‘डीमेसेज’ आज्ञा देऊन कर्नलची तक्रार वाचा, प्लेअर अनमाउंट करा आणि ‘एफएससीके डॉट व्हीफॅट’ने दुरुस्ती करा.

प्लेअर ड्राइव्ह म्हणून दिसतच नसेल, तर तो एमटीपी (फाइली पाठवण्याची वेगळी पद्धत) मोडमध्ये आहे का ते बघा. या मोडमध्ये तो डिस्क नसतोच, त्यामुळे डिस्क दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ आज्ञेच्या यादीत सापडणार नाही. शिवाय एका वेळी एकाच प्रोग्रामला त्याच्याशी बोलता येतं. फाइल मॅनेजरने तो धरून ठेवला असेल तर रिदमबॉक्स या गाण्यांच्या प्रोग्रामला उघडता येत नाही, म्हणून आधी फाइल मॅनेजरमधून अनमाउंट करा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एमएससी किंवा मास स्टोरेजचा (प्लेअर साध्या ड्राइव्हसारखा दिसण्याचा) पर्याय असेल तर माझ्या मते तोच निवडा, निम्म्या कटकटी तिथेच मिटतात. मात्र काही प्लेअरवर एका मोडमध्ये टाकलेल्या फाइली दुसऱ्यात दिसत नाहीत, तेव्हा मोड सारखा बदलू नका. यातलं काहीच जुळत नसेल तर केबल बदलून बघा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात.

जुन्या आयपॉडची गोष्ट वेगळी. त्यात नुसती फाइल टाकून भागत नाही, कारण तो गाणी आपल्या आयट्यून्सडीबी या डेटाबेसमधून शोधतो. जीटीकेपॉड किंवा रिदमबॉक्स वापरा. मॅकवर तयार केलेला आयपॉड एचएफएस प्लस या मॅकच्या फाइल सिस्टिमचा असतो आणि तिचं जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) चालू असेल, तर लिनक्स त्यावर लिहू देत नाही.

फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारी ‘आरसिंक’ आज्ञा वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी, की दर वेळी सगळा संग्रह नव्याने कॉपी होतो. फॅटवर फाइलची वेळ 2 सेकंदांच्या टप्प्यांत नोंदवली जाते, त्यामुळे न बदललेली फाइलही बदललेली वाटते. आरसिंकचा ‘मॉडिफाय-विंडो’ पर्याय 1 ठेवा, म्हणजे वेळेतला एवढा फरक दुर्लक्षित होईल. ‘ए’ऐवजी ‘आरटी’ पर्याय द्या, म्हणजे मालकी आणि परवानग्यांच्या चुकाही येणार नाहीत. एखादीच फाइल अडत असेल तर तिच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम किंवा तारांकन आहे का ते तपासा, फॅटला ती चालत नाहीत. फॅट32वर 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाइलही मावत नाही.

गाणी पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर लपलेल्या फाइली दाखवा. ‘ट्रॅश-1000’ नावाच्या फोल्डरमध्ये ती तशीच पडलेली सापडतील. यापुढे शिफ्ट धरून डिलीट करा.

गाणं वाजतं पण देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, तेव्हा टॅग, म्हणजे फाइलमध्ये साठवलेली गाण्याच्या नावाची माहिती, तपासा. बरेच जुने प्लेअर आयडी3 या टॅगच्या पद्धतीची 2.4 आवृत्ती नीट वाचत नाहीत. 2.3 आवृत्तीत यूटीएफ-16 ही अक्षरं साठवायची पद्धत निवडून टॅग पुन्हा लिहा. तरीही नाव उमटलं नाही, तर प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नाही असं समजा आणि रोमन लिपीत टॅग ठेवा.