खुडलेल्या फुलांचे फोटो, खिडकीपाशी

काचेसमोर धरलं की कोणतंही फूल देखणं दिसतं, असं मुळीच नाही. इथे उजेड फुलामागून येतो आणि पाकळीतून गाळून कॅमेऱ्यात शिरतो, त्यामुळे पाकळी पातळ आणि एकेरी हवी. एकेरी जास्वंद, कॉसमॉस, थंडीतली पॉपी यांच्या शिरा न् शिरा उजळतात. झेंडू आणि गच्च शेवंती मात्र काळपट गोळ्यासारखी दिसते. मुघल काळात ज्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत तिथे राहून गुलाबाला नावं ठेवू नयेत, पण भरगच्च गुलाबही खिडकीसमोर हिरमुसतो. पूर्ण उमललेला, सैल पाकळ्यांचा घ्या.

फुलं सकाळी लवकर खुडा. (आमच्याकडे पहिली ओंजळ देवाची, उरतील ती कॅमेऱ्याची.) देठ धारदार कात्रीने तिरका कापा, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाका आणि तासभर बादलीतल्या पाण्यात गार जागी ठेवा. जास्वंदीला एवढं लाडावू नका, ती बहुधा संध्याकाळी मिटतेच. तिचा फोटो आधी.

आता खिडकी. थेट ऊन नको. उत्तरेची खिडकी चांगली म्हणतात आणि हिवाळ्यात ते खरंही आहे. पण नाशिक साधारण 20 अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारीही किंचित उत्तरेलाच असतो आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन त्या खिडकीतही घुसतं. माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे श्रावणातलं भरलेलं आभाळ. तेव्हा कुठलीही खिडकी चालते, शिवाय बागेत वाऱ्याने डुलणारं फूल घरात गप्प उभं राहतं.

खरी अडचण ग्रिलची. फ्लॅटची खिडकी म्हणजे गज, डासांची जाळी आणि मागे समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे. जाळी सरकवा, काच बंद करा आणि काचेवर आतून ट्रेसिंग पेपर चिकटवा. मागचा पसारा पुसला जातो, उरतो एकसारखा पांढरा उजेड. गजांच्या सावल्या तरीही पुसट दिसल्या तर कागद दुहेरी करा. फूल काचेपासून दीड-दोन फूट अलीकडे ठेवा, म्हणजे कागदाच्या सुरकुत्या धूसर होतील. बरणी अरुंद तोंडाची हवी, नाहीतर फूल हवं तिकडे तोंड करत नाही.

घरातली ट्यूबलाइट बंद करा. तिचा आणि खिडकीचा उजेड वेगवेगळ्या रंगाचा असतो, मग पांढरी पाकळी एकीकडे निळसर आणि दुसरीकडे पिवळट येते.

बहुतेकांचा फोटो बिघडतो तो पुढच्या पायरीवर. समोर एवढा उजेड पाहून कॅमेरा बिचकतो आणि सगळंच मध्यम राखाडी करून टाकतो. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +1 ते +2 पर्यंत वाढवा. मोबाइलवर फुलावर बोट दाबून धरा आणि उजेडाची पट्टी वर सरकवा. मागचा कागद पांढराफटक झाला तरी चालेल, पाकळीतल्या शिरा तेवढ्या राहायला हव्यात. लाल जास्वंदीला जरा कमीच वाढवा, लाल रंग लवकर फुटतो आणि पाकळी सपाट दिसते. कॅमेरा तिवईवर असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, एफ/8 (लेन्सच्या छिद्राचा आकार) आणि 2 सेकंदांचा टायमर. तिवई नसली तर डब्यांची उतरंड रचा, मी अजूनही तेच करतो.

पुढची बाजू, विशेषतः मधला पुंकेसर, अंधारी वाटली तर कॅमेऱ्याच्या बाजूने, चौकटीबाहेर, पांढरं कार्डशीट धरा. मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोलही चालतो. अगदी जवळ आणू नका. पुढून उजेड जास्त झाला की आरपारपणा जातो, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

आणि झेंडू-शेवंती? त्यांना खिडकीकडे पाठ नको, कूस द्या. उजेड एका बाजूने येऊ दे, फुलामागे काळी छत्री उघडून ठेवा आणि एक्स्पोजर आता उलट, -1 कडे न्या. मघाशी गोळा दिसणाऱ्या झेंडूची एकेक चुणी सुटी दिसू लागते. छत्री मात्र आधी कोरडी पुसून घ्या, पाण्याचे थेंब चमकतात.