मालदीवची लारी हातात आली? या चुका टाळा

लारी हे चांदीच्या तारेचं जुनं नाणं, ते सरळ करू नका. चांदीची तार मधोमध वाकवायची, चेपायची आणि तिच्यावर अरबी अक्षरांचा ठसा मारायचा, झाली लारी. दिसते केसांतल्या आकड्यासारखी. नाव आलं इराणच्या लार शहरावरून. व्यापाराबरोबर ती मालदीवला पोचली, तशीच कोकणच्या बंदरांतही, आणि विजापूरच्या आदिलशाहीनं स्वतःच्या लाऱ्या पाडल्या. फ्रेंच प्रवासी पिरार १६०२ मध्ये जहाज फुटून मालदीवला अडकला, तेव्हा तिथे हीच लारी चालत होती.

एकदा एक तरुण संग्राहक रुमालात गुंडाळून लारी घेऊन माझ्याकडे आला. उघडलं तर दोन तुकडे. अक्षरं स्वच्छ दिसावीत म्हणून त्यानं ती रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवली आणि सकाळी पकडीनं बाक उघडायला गेला. शेकडो वर्षं मातीत पडलेली चांदी आतून ठिसूळ होते. वरून तार धडधाकट दिसते, पण बाकावर ताण आला की तुटते. चिंचेनं काळा थरही नेला होता. तो थर खोलगट जागी बसलेला असतो, म्हणून तर झिजलेली अक्षरं डोळ्यांना दिसतात! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शेकडो वर्षं टिकतं ते एका रात्रीच्या घाईनं जातं, आणि याला हौस म्हणतात याचा मला राग येतो.

मी काय करतो? साध्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून माती सुटू देतो, बाकी हात लावत नाही. मग सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीशी लारी थोडी थोडी फिरवत फोटो काढतो. एखादं अक्षर लागायला आठवडा जातो. जाऊ द्या. पितांबरी देवघरातल्या भांड्यांसाठी आहे.

दुसरी चूक सालाची. ती आपण मराठी वाचक हमखास करतो. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे टिंब आणि वर्तुळ म्हणजे पाच. आपला डोळा वर्तुळ दिसलं की शून्य वाचतो. त्यांचा नऊ आपल्या एकासारखा दिसतो. आकडे बरोबर लागले तरी पुढे इसवी सन काढायला माणसं हिजरी, म्हणजे इस्लामी, सालात सरळ ६२२ मिळवतात. मालदीवच्या १ आणि ४ लारीच्या नाण्यांवर १३३१ साल आहे. त्यात ६२२ मिळवून १९५३ काढलेलं आणि खाली ‘पहिल्या प्रजासत्ताकाचं नाणं’ लिहिलेलं लेबल मी पाहिलं आहे. मालदीवचं पहिलं प्रजासत्ताक १९५३ चंच, त्यामुळे चूक खरी वाटते. पण हिजरी वर्ष चांद्र, आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. हिजरी सालाला ०.९७ नं गुणा, मग ६२२ मिळवा. १३३१ म्हणजे १९१३ च्या आसपास. सुलतान मुहम्मद शमसुद्दीन तिसरा याची ही नाणी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पडली. आधी सुलतानाचं नाव वाचा, त्याची कारकीर्द बघा, मग साल. मी तरी हाच क्रम मोडत नाही.

प्रत्येक लारी आदिलशाहीची नसते. जुनी लारी, गोल लारी आणि आजची लारी एकाच खान्यात ठेवू नका. गोल नाणी मालदीवचा सुलतान इब्राहीम इस्कंदर याच्या (१६४८–१६८७) काळातली पुढची गोष्ट, आणि आजची लारी म्हणजे मालदीवच्या आजच्या चलनाचा, रुफियाचा, शंभरावा भाग. चांदीच्या लारीचं वजन साडेचार-पाच ग्रॅमच्या आसपास असतं, काट्यावर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका. तारेवर छिन्नीचे घाव दिसले तर परत करू नका, चांदी खरी आहे का हे पाहायला व्यापारी तसे घाव घालत. तांब्याची नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की हिरवी, चिकट होतात.

राहिली कवडी. ‘मालदीवचं चलन’ म्हणून विकायला येणारी प्रत्येक कवडी ते चलन नव्हे. बंगालला तांदळाच्या बदल्यात जायची ती पिवळसर, कडेला गाठी असलेली. पाठीवर सोनेरी कडं असलेली जात वेगळी. ती एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारकडून पश्चिम आफ्रिकेत जहाजं भरभरून गेली. इब्न बतूता चौदाव्या शतकात मालदीवला काझी होता. तो लिहितो, एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, आणि भाव पडला की बारा लाखांपर्यंत.