खचलेले घर उचलताना या चुका टाळा

घर खचते आहे हे लक्षात आले की घरमालकाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की ते पुन्हा वर घ्यायला किती दिवस लागतील. प्रत्यक्ष उचलणे हे या दुरुस्तीतले सर्वांत छोटे काम आहे. बैठ्या घराचा एक कोपरा तीस-चाळीस मिलिमीटर वर घ्यायला तयारी नीट असेल तर दोन दिवसही पुरतात. काम बिघडते ते त्याआधीच्या आठवड्यांत, जेव्हा थांबण्याचा धीर कोणालाच नसतो. मी वारंवार पाहिलेल्या चुकांपैकी बहुतेक त्या आठवड्यांतल्याच आहेत.

तडा दिसताच बुजवणे

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ती जवळजवळ प्रत्येक घरात झालेली असते. पाया कुठे खाली गेला हे तड्यावरून बरेचसे वाचता येते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने तिरपा चढलेला तडा पाहावा आणि त्याला मनातल्या मनात काटकोनात एक रेष काढावी. तिचे खालचे टोक ज्या बाजूला जाते, त्या बाजूचा पाया साधारणपणे खचलेला असतो. तडा वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर भिंतीचे टोक बसते आहे, आणि खाली रुंद असेल तर मधला भाग बसतो आहे, असा प्राथमिक अंदाज बांधता येतो. गिलावा ओढून रंग दिला की हा पुरावा नाहीसा होतो.

दुसरा तोटा त्याहून मोठा आहे आणि तो मला माझ्याच एका कामावर कळला. विटांच्या भारवाहक भिंतींच्या एका बैठ्या घराचा कोपरा ३८ मिलिमीटर खाली गेला होता. भिंतीच्या खालून लोखंडी तुळया आरपार घालून, चार जॅकांवर आम्ही तो कोपरा हळूहळू वर घेत होतो. सुमारे १२ मिलिमीटर वर आल्यावर तडे मिटायला लागायला हवे होते. ते मिटले नाहीतच, उलट ठण् असा आवाज होऊन शेजारच्या दाराच्या लिंटेलवर, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईवर, जिथे आजवर केसभरही भेग नव्हती, तिथे नवा तडा उघडला. काम थांबवून, भार लाकडी ठोकळ्यांवर घेऊन, जुन्या तड्यावरचा गिलावा छिन्नीने काढला, तेव्हा आत भिंतीच्या संपूर्ण जाडीत कडक सिमेंटचा माल ठासलेला आढळला, आणि तोही तीन वेगवेगळ्या रंगांच्या थरांत. दरवर्षी तडा थोडा उघडत गेला होता आणि दरवर्षी तो इमानाने भरला गेला होता. म्हणजे भिंत वरच्या बाजूला तेवढी लांब झाली होती. तिला परत मिटायला जागाच उरलेली नव्हती आणि तो माल पाचरीसारखा काम करत होता. तो काढायला चार दिवस गेले. यात चूक माझीही होती, कारण “थोडेसे पोटीन भरले आहे” या घरमालकांच्या शब्दावर मी विश्वास ठेवला आणि भिंत ठोकून पाहिली नाही.

तेव्हापासून जॅक साइटवर येण्यापूर्वी मी प्रत्येक तड्याच्या दोन्ही बाजूंचा वीतभर गिलावा काढून घेतो आणि आतला सुटा माल, विटांचे कपरे व धूळ हवा मारून साफ करतो. तडे भरायचे ते उचलण्याचे काम पूर्ण होऊन घर स्थिर झाल्यावरच, आणि तेही चुना मिसळलेल्या मवाळ मालाने, कारण विटेपेक्षा कडक माल भरला की पुढचा तडा त्याच्या शेजारून वीट फोडत जातो.

न मोजता निर्णय घेणे

तड्यावर काचेची पट्टी चिकटवण्याची पद्धत जुनी आहे, पण काच फुटली यावरून हालचाल झाली एवढेच समजते, किती आणि कोणत्या दिशेने हे समजत नाही. मी तड्याच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन स्टीलचे खिळे त्रिकोणात बसवतो आणि दर पंधरवड्याला व्हर्नियरने, म्हणजे बारीक अंतर मोजण्याच्या पट्टीने, त्यांच्यातली अंतरे मोजून तारखेसह भिंतीवरच लिहितो. पाया काळ्या मातीत असेल तर हे मोजमाप एक पावसाळा आणि एक उन्हाळा चालू राहिलेच पाहिजे. ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात खाली गेलेला कोपरा पावसाळ्यात अर्धाअधिक आपोआप वर येत असतो. असा कोपरा ऐन उन्हाळ्यात उचलून पक्का केला की पावसात उरलेले घर फुगते आणि त्यांच्यातली पातळी पुन्हा जुळत नाही. वर्षभर थांबा म्हटले की लोकांना मी काम टाळतो आहे असे वाटते. भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल किंवा छताचा आधार सरकू लागला असेल, तर अर्थातच आधी टेकू द्यावेत. पण टेकू दिला म्हणजे दुरुस्ती झाली असे समजू नये.

घराच्या कोपऱ्यांची पातळी पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने घेताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मोजणी व्यर्थ जाते, हे प्रत्येक नवशिक्याला निदान दोनदा सांगावे लागते.

कारण तसेच ठेवून उपचार करणे

पन्हळीचे पाणी जोत्याशी पडते आहे का, मोरीची नळी जमिनीखाली गळते आहे का, अलीकडे जवळ खोल खोदकाम झाले आहे का, हे आधी पाहावे. झाड दोषी ठरले म्हणून ते एका दिवसात तोडू नये. चिकणमातीत मुळांनी ओढणे थांबवलेले पाणी जमिनीत साठू लागते, माती फुगते आणि खचलेल्या घराऐवजी वर ढकलले जाणारे घर पदरी पडते.

पायाखाली सलग चर खोदणे

पाया खाली नेऊन नवे काँक्रीट भरायचे असेल तर ते तुकड्या-तुकड्यांनी करायचे असते, हे सर्वांना माहीत असते आणि तरीही ते मोडले जाते. एका घराची साधारण सहा मीटर लांबीची बाजू मी पाच गाळ्यांत, म्हणजे एकेक करून खोदायच्या तुकड्यांत, आखून दिली होती. दुसऱ्या दिवशी खोदाईचे यंत्र जवळच्या कामावरून मोकळे झाले, ते दिवसभरासाठी मिळते आहे असे पाहून मुकादमाने पाचही गाळे एकदम उघडून टाकले. रात्री पाऊस आला. सकाळी मी पोहोचलो तेव्हा चराची कड आत ढासळली होती, पायाचे दगड मधल्या दीड मीटरभर अधांतरी होते आणि भिंत बाहेरच्या अंगाला बोटभर झुकली होती. आम्ही तिरके टेकू लावले, चरातले पाणी उपसले आणि अधांतरी भागाखाली मिळेल ते लाकूड ठासले; भिंत राहिली. मुकादमाचे म्हणणे होते, की यंत्राचा एक दिवस वाचला. त्यानंतर टेकवलेली भिंत मोकळी करायला सहा आठवडे लागले.

गाळा एक ते सव्वा मीटरपेक्षा लांब असू नये. एक गाळा उघडला की लगतचे गाळे अखंड राहिले पाहिजेत. नव्या काँक्रीटचा माथा जुन्या पायाच्या तळापासून सुमारे ७५ मिलिमीटर खाली ठेवावा आणि काँक्रीट आकसून घट्ट झाल्यावर, निदान एक दिवसाने, त्या फटीत मुठीत दाबला तर गोळा होईल एवढाच ओला माल ठासून भरावा. ही फट ओल्या काँक्रीटने एकाच दमात भरून टाकणारे लोक भेटतात. काँक्रीट आकसले की पाया पुन्हा तेवढा खाली बसतो. माल ठासून तो पुरेसा कडक झाल्याखेरीज लगतचा गाळा मी उघडू देत नाही, मग यंत्र मोकळे असो वा नसो.

जॅक लावल्यावरच्या चुका

भाराचा हिशेब न करता जॅक आणणारे बरेच असतात. २३० मिलिमीटर जाडीची आणि तीन मीटर उंचीची विटांची भिंत दर मीटर लांबीला सुमारे १.३ टन भरते, आणि तिच्यावर स्लॅबचा वाटा येतो तो वेगळा. जॅकवर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षा जास्त भार मी देत नाही. जॅकखाली मातीवर नुसती फळी टाकणे म्हणजे घराऐवजी फळी खाली दाबणे. हायड्रॉलिक जॅकवर भार ठेवून जेवायला जाऊ नये; दर काही मिलिमीटरला ठोकळे आणि पत्र्याच्या पट्ट्या मागोमाग सरकवत राहाव्यात. आरसीसी चौकटीच्या घरात भार कॉलमांमधून उतरतो, तिथे मधल्या भिंतीखाली जॅक लावून काहीच साधत नाही.

आणि एकाच कोपऱ्याची घाई करू नये. दोन लगतच्या आधारांमधल्या अंतराच्या १/३०० एवढा फरक पडला की मधल्या भिंतींना तडे जाऊ लागतात, म्हणजे तीन मीटरला १० मिलिमीटर. १८६० मध्ये शिकागोच्या लेक स्ट्रीटवरची इमारतींची एक सबंध रांग सुमारे सहा हजार स्क्रू-जॅकांवर ४ फूट ८ इंच उचलली गेली, ती सुमारे सहाशे माणसांनी इशारा होताच आपापले जॅक एकाच वेळी थोडेथोडे फिरवले म्हणून. चार जॅकांवर चार माणसे एका आवाजावर चालू नयेत, याचे मला अजून नवल वाटते.

जमिनीत दाबाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरणे हा उपाय नव्हे असे मी म्हणणार नाही, पण माती न तपासता तो करू नये. पिसाच्या मनोऱ्याच्या पायात १९३४ मध्ये सिमेंट ग्राउट भरले गेले आणि त्यानंतर मनोऱ्याचा कल वाढला.

दार सहज लागू लागले की उचलणे थांबवायचे, हाही एक प्रचलित निकष आहे. ते दार बहुधा मधल्या काळात सुताराने घासलेले असते. थांबायचे ते पातळीच्या आकड्यांवरून, आणि पूर्ण शून्यावर येण्याचा हट्ट न धरता. जुनी भिंत विरोध करू लागली की मी राहिलेले चार-पाच मिलिमीटर तसेच सोडतो.

शेवटी भराव. काढलेली माती खड्ड्यात ढकलून वर फरशी बसवली की पहिल्या पावसाचे पाणी थेट नव्या पायाशी मुरते. भराव वीतभराच्या थरांनी, ओलावून आणि धुमसाने ठोकून करावा आणि वरचा उतार घरापासून बाहेर काढावा. भिंतीवरचे खिळे पुढचे वर्षभर काढू नयेत. रंगारी दर वेळी विचारतो की हे उपटू का. त्यांच्याभोवतीने रंग द्यायला मी त्याला सांगतो.